चंद्रमतीबाईंची विलायत

तंजावुरावर आधी राजांचं राज्य होतं, मग कंपनीचं आलं, मग राणीचं, मग राणीच्या मुलाचं. राजवाड्यामागच्या गल्लीत हनुमंतरावांच्या घरात मात्र या सगळ्या काळात एकच राज्य चाललं. ते चंद्रमतीबाईंचं.

चंद्रमतीबाई हनुमंतरावांची थोरली बहीण. अकराव्या वर्षी लग्न, तेराव्या वर्षी पांढरं कपाळ, आणि तिथून पुढे माहेरच्या विहिरीचं पाणी. भावाची बायको बाळंतपणात गेली तेव्हा तिचं दहा दिवसांचं पोर यांनी पदराखाली घेतलं. ते पोर म्हणजे तुळजाराम. आयुष्यात बाईंनी केलेला लांबात लांबचा प्रवास पापनाशमचा, आणि तिथून परतल्यावर "तिथलं पाणी मचूळ" एवढं सांगून त्यांनी प्रवास हा विषयच मिटवला होता.

सोवळं कडक. घरात कुणाचाही ओठ पेल्याला लागलेला त्यांना खपत नसे. पेला वर धरायचा, मान मागे टाकायची आणि धार घशात सोडायची. तुळजाराम हे चालायच्या आधी शिकला. चुकून ओठ लागलाच तर पेला उष्टा, आणि उष्टा पेला विहिरीपाशी राखेनं आणि चिंचेनं तीनदा घासायचा. एकदा हनुमंतरावांना कढत काफी पिताना शिंक आली आणि पेला ओठाला टेकला. हनुमंतराव कलेक्टर कचेरीचे शिरस्तेदार, पण त्या दिवशी त्यांनी स्वतः पेला घासला, हे अख्ख्या गल्लीनं पाहिलं.

तर एकोणीसशे सातच्या उन्हाळ्यात तुळजारामनं डोक्यात घेतलं की एडिंबरोला जाऊन डॉक्टर व्हायचं. हनुमंतराव ना हो म्हणेनात, ना नाही. शेवटी त्यांनी बॅरिस्टर रामस्वामीरावांचा सल्ला घेतला. रामस्वामीराव तीन वर्षं विलायतेत राहून आलेले, आणि आल्यावर पंचगव्य पिऊन शुद्ध झालेले, म्हणजे दोन्ही बाजूंचे जाणकार.

"हनुमंतराव," ते म्हणाले, "पोरं तिथं अभ्यासानं हरत नाहीत. पहिल्या आठ दिवसांत हरतात. थंडी, बेचव जेवण, आणि घरमालकीण! माझ्याबरोबरचा एक जण नवव्या दिवशी परतीची आगबोट शोधत होता."

"मग?"

"मग काय! कावेरीत ढकलायच्या आधी विहिरीवरच्या दगडी डोणीत पोहायला शिकवावं. ते पहिले आठ दिवस इथंच काढून घ्या. वरची खोली एडिंबरो समजा. मी दहा नियम सांगतो. ते त्याला मालकिणीच्याच तोंडून कळायला हवेत, तिथं तसंच असतं. आठव्या दिवशी येऊन मी परीक्षा घेतो."

हनुमंतरावांना हे पटलं. त्यांनी निकालही ठरवून टाकला. पोर टिकलं तर आगबोट. न टिकलं तर पापनाशमच्या तालुका कचेरीत कारकुनाची जागा रिकामी होती.

दाराआड उभ्या असलेल्या चंद्रमतीबाईंच्या कानात पापनाशम हे नाव मधासारखं उतरलं. आठ कोस! दर शनिवारी पोर घरी. पाणी मचूळ असेना का, इथून कळशी पाठवता येईल.

त्या दारातून पुढे झाल्या. "मालकीण मी होते," त्या म्हणाल्या.

"अक्का, तुम्हाला जमेल?" हनुमंतरावांनी विचारलं.

"चाळीस वर्षं काय करत्येय मी?"

रामस्वामीरावांनी नियम सांगितले. बाईंनी एकेक ऐकून घेतला. नववा नियम आला, चहा कपाला ओठ लावून प्यावा. त्यावर बाई काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या नाहीत याचं कुणाला आश्चर्य वाटायला हवं होतं, पण पुरुष माणसं दहाव्या नियमाकडे वळली होती. नववा नियम बाईंनी मनाच्या फडताळात ठेवला आणि कुलूप घातलं. पोराच्या कानावर तो जाऊच द्यायचा नाही. बाकीचे नऊ मात्र असे पाळायचे की पोर चौथ्या दिवशी पापनाशम पापनाशम करत खाली यावं.

सोमवारी तुळजाराम विलायतेला गेला, म्हणजे जिना चढून वर गेला. अंगात लोकरीचा कोट. पाटलोण अजून शिंप्याकडे होती, म्हणून खाली धोतर. वर एडिंबरो, खाली तंजावूर. वैशाखातलं ऊन असं की परसातल्या नारळाची सावलीसुद्धा विहिरीत उतरून बसलेली. थंडी कुठून आणायची? बाईंनी पहाटे विहिरीचं पाणी त्याच्या डोक्यावर ओतून ती अडचण सोडवली. मग दिवसभर कोट वाळत असे आणि आतला तुळजाराम वाफत असे.

नियम पहिला, हवेवर बोलणं. रोज सकाळी मालकिणीनं आणि भाडेकरूनं हवेवर चार शब्द बोलायचे.

"आज ऊन आहे, मॅडम."

"काल होतं तेच आहे."

"उद्या कसं असेल, मॅडम?"

"हेच असेल. तंजावुरात आणखी काय असणार? बटाटा घे."

बटाटा हा नियम दुसरा. उकडलेला, मिठावाचून, चिंचेवाचून, फोडणीवाचून. चाळीस वर्षांत या चुलीवर असं पाप शिजलं नव्हतं. पण त्यांनी मन घट्ट केलं, आणि मिठाची बरणी उंच फळीवर ठेवली, स्वतःपासूनच लपवून.

तिसरा नियम अंघोळीचा होता. विलायतेत अंघोळ आठवड्यातून एकदा, शनिवारी. पहाटेचं ते पाणी थंडीचं, ते अंघोळीत धरायचं नाही, असा निवाडा बाईंनीच दिला. आता झाली पंचाईत. बिनअंघोळीचा माणूस सोवळ्यातल्या बाईला शिवणार कसा? बाईंनी चिंच झोडायची लांब काठी काढली आणि बटाट्याची ताटली उंबऱ्याबाहेरूनच काठीनं आत सरकवू लागल्या. बुधवारपर्यंत लोकर, घाम आणि वैशाख यांचं असं काही सख्य जमलं की शेजारच्या कृष्णवेणीनं आपली खिडकी लावून घेतली.

कृष्णवेणी म्हणजे गल्लीचं वर्तमानपत्र. खिडकी लावली तरी फट ठेवलेली. फटीतून ती म्हणाली, "चंद्रमती अक्का, विलायतेला असाच वास येतो का हो?"

"याहून जास्त येतो," बाई म्हणाल्या. "म्हणून तर लोक परत येतात."

पण पोर परत येईना. इडली काट्यानं खायचा सराव करताना इडली उडून फटीतून थेट कृष्णवेणीच्या ताकाच्या भांड्यात पडली, तरी येईना. बाईंनी आपल्या पदरचे नियम घातले. मालकिणीसमोर खाकरायचं नाही. मालकीण जिना चढत असली की उभं राहायचं. मग त्या दिवसातून वीस वेळा जिना चढू लागल्या. गुडघे त्यांचेच दुखले. पोर मात्र वीस वेळा उभं राहिलं.

आणि एक गोष्ट त्यांच्या हिशेबात नव्हती. चौथा नियम असा की मालकिणीनं काहीही दिलं की थँक्यू म्हणायचं. पहिल्या दिवशी ताटली आत सरकली तशी आतून आवाज आला, "थँक्यू, मॅडम."

"काय म्हणालास रे?"

"तुम्ही दिलंत, त्याचं बरं वाटलं, असं म्हणतात तिथं."

बाईंना हसू आलं. जेवायला घातलं म्हणून बरं वाटलं, असं कुणी बोलून दाखवतं का? देवसुद्धा नैवेद्य मुकाट्यानं घेतो. घरात इतकी वर्षं त्यांनी इतकी पानं वाढली, जेवणारे ढेकर देऊन उठले, आणि ढेकर हीच पावती. पण गुरुवारी त्यांच्या लक्षात आलं की ताटली सरकवल्यावर आपण जात नाही. काठी हातात धरून तिथंच उभ्या राहतो. आतून ते शब्द आले की मगच पाय हलतात. शुक्रवारी आवाजाला जरा उशीर झाला. त्यांनी आत डोकावून पाहिलं, तर कोटातलं पोर पाय पाण्याच्या बादलीत सोडून पुस्तकातल्या हाडांची नावं घोकत होतं. नजर वर न उचलता त्यानं बिनमिठाचा बटाटा तोंडात टाकला आणि भरल्या तोंडानं म्हणाला, "थँक्यू, मॅडम."

त्या दिवशी चंद्रमतीबाई जिना फक्त एकदाच चढल्या.

शनिवारी अंघोळ झाली, रविवार गेला, आणि सोमवारी दुपारी चारला रामस्वामीराव परीक्षेला आले. पाटलोणही त्याच दिवशी आली. खोलीत मेज मांडलं, बॅरिस्टरांनी स्वतःच्या घरून चिनी मातीचे कप आणि चहाची पूड आणली होती. चहा कुणीतरी करायचा म्हणून बाईंनीच केला, पाल्याचा काढा करावा तसा. मालकीण म्हणून त्यांच्यासमोरही एक कप ठेवला होता. तो अर्थातच शोभेला.

तुळजारामनं हवेवर सहा वाक्यं सांगितली. काट्यानं बटाटा उचलला आणि तो उडाला नाही. खाकरणं नाही, ढेकर नाही. रामस्वामीराव मान डोलावत होते. हनुमंतरावांच्या मिशा हळूहळू वर चढत होत्या.

"आता चहा घ्या, मिस्टर तुळजाराम."

तुळजारामनं कप उचलला. घाबरलेल्या माणसाचा हात मुरलेलं तेवढंच करतो. कप वर गेला. मान मागे गेली. कढत चहाची धार निघाली ती थोडी घशात, थोडी नाकात, आणि उरलेली सगळी आठ दिवसांच्या तपश्चर्येच्या कोटावर. मग अशी शिंक आली की कप बॅरिस्टरांच्या मांडीवर.

फटीतून कृष्णवेणी म्हणाली, "अय्यो!"

"नववा नियम," रामस्वामीराव मांडी पुसत म्हणाले. "हे तिथं झालं तर सगळं मेज हसेल. पोर दुसऱ्या दिवशी खोलीबाहेर पडणार नाही."

हनुमंतरावांच्या मिशा खाली आल्या. "झालं तर मग. पापनाशम."

चंद्रमतीबाई जिंकल्या होत्या. मधासारखं ते नाव पुन्हा कानात पडलं. त्यांनी तुळजारामकडे पाहिलं. नाकातून चहा गळत होता, डोळ्यांतून काय गळत होतं ते त्यातच मिसळून गेलं होतं. मग त्यांनीच पंचा पुढे केला, आणि तो घेताना, सवयीनं, पोर म्हणालं, "थँक्यू, मॅडम."

बाई खुर्चीवर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदा खुर्चीवर, आणि मांडी घालून.

"बॅरिस्टर," त्या म्हणाल्या, "नववा नियम याला सांगितलाच नाही कुणी. मी गाळला. मुद्दाम गाळला. शिकवणारीनं धडा लपवला, तर नापास कोण?"

"अक्का!" हनुमंतराव म्हणाले.

"गप रे. तुळजा, इकडे बघ. आज तुझा पहिला दिवस. मालकीण शिकवत्येय."

त्यांनी समोरचा कप उचलला. खाली बघितलं, वर बघितलं, मनातल्या मनात कुळदेवीची माफी मागितली, आणि कपाला ओठ लावले. फुर्रर्र असा आवाज झाला. तो गल्लीच्या टोकापर्यंत गेला असावा, कारण कृष्णवेणीची खिडकी सताड उघडली.

"थू! कसला हा पाला," बाई म्हणाल्या. "पण बघ, ओठ जागच्या जागी आहेत. आता तू."

तुळजारामनं बॅरिस्टरांसमोरचा कप उचलला आणि ओठ लावून चहा प्यायला. एक थेंब सांडला नाही.

हनुमंतराव उठले, आणि बॅरिस्टरांना आगबोटीचा दिवस विचारू लागले. बाई विहिरीवर गेल्या. तीन घागरी अंगावर घेतल्या आणि कप राखेनं, चिंचेनं तीनदा घासला. चौथ्यांदाही घासला, तो उगाच.

तीन महिन्यांनी एडिंबरोहून पत्र आलं. हनुमंतरावांनी ओसरीवर वाचून दाखवलं. तुळजारामनं लिहिलं होतं की इथली मालकीण फार सौम्य आहे, बटाट्यात मीठ घालते, जिना दिवसातून दोनदाच चढते. चौथ्या दिवशी घराची फार आठवण आली म्हणून खोली लावून त्यानं एकट्यानं वरून धार धरून चहा प्यायला. तेवढ्यात मालकीण आत आली. तिनं विचारलं हे काय, त्यानं सांगितलं. तिनंही करून पाहिलं. तिला पोलकं बदलून यावं लागलं.

"दार न ठोठावता आत आली?" चंद्रमतीबाई म्हणाल्या. "सहावा नियम! तिला कुणी शिकवलेलं दिसत नाही."

मग त्या आत गेल्या आणि भावासाठी काफी घेऊन आल्या. हनुमंतरावांनी पेला वर धरला, मान मागे टाकली, धार सोडली, पेला खाली ठेवला आणि ढेकर दिला. बाई गेल्या नाहीत. तिथंच उभ्या राहिल्या.

"काय पाहिजे, अक्का?"

"काही नाही," त्या म्हणाल्या. "तुलाही आठ दिवस वर धाडायला हवं होतं."