पिशवीवरची ओळ

हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या शेजारी एक आजोबा-आजी बसले होते. आजोबांच्या मांडीवर साडीच्या दुकानाची पिशवी होती आणि तिच्यात आजींचे जुने कागद. पिशवीवर जाड पेनाने लिहिलं होतं, 'हिला पेनिसिलिन चालत नाही.'

काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "आजींना रक्त पुन्हा तपासायला द्यावं लागेल."

"कालच दिलंय की, समोरच्या हॉस्पिटलात. रिपोर्ट त्यांच्या कॉम्प्युटरवर आहे."

"असेल, आजोबा. त्यांचं आमच्याकडे उघडत नाही."

मला संताप आला, पण त्या बाईंचा नाही. पाकिटावर पत्ता कुठे लिहायचा हे कधीतरी कुणीतरी ठरवलं, म्हणून तो कुठल्याही गावच्या पोस्टमनला वाचता येतो. लाखोंची यंत्रं बसवणाऱ्या शहाण्यांना मात्र एकत्र बसून एवढंही ठरवता येत नाही, की रोग्याची माहिती सगळ्यांनी एकाच रीतीने लिहायची. त्यांच्यापेक्षा आजोबांचा जाड पेन बरा. त्याने लिहिलेलं निदान कुणालाही वाचता येतं.

आजींनी बाही सरकवली. कालचा कापूस अजून तिथे चिकटलेला होता. तो पाहून त्यांनी दुसरा हात पुढे केला.