मिस आर्झेलाचा शब्द

मेलेल्या माणसावर पोट भरणाऱ्यांचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. आमच्या काउंटीत फ्युनरल होम्स, म्हणजे प्रेत ठेवण्यापासून दफनापर्यंत सगळं करून देणारी दुकानं, गोऱ्यांची दोन आहेत, आम्हा काळ्यांचं एक. तिन्हींच्या दारात मी कधी ना कधी फलक धरून उभी राहिले आहे. पण तिसऱ्या दारातून मालकीणबाई बाहेर आल्या त्या बर्फ घातलेल्या गोड चहाचा ग्लास घेऊन. "उन्हात कशाला भांडतेस? सावलीत ये आणि भांड," म्हणाल्या. त्या मिस आर्झेला बॉयकिन. तेव्हापासून मी त्यांच्याशी सावलीत भांडते आहे.

बाई अंगानं भरदार, आवाजानं त्याहून भरदार. वडिलांनी काढलेलं दुकान तिशीत अंगावर पडलं, लग्न राहून गेलं, ते त्यांनी कधी आठवून पाहिल्याचं मला दिसलं नाही. शनिवारी सकाळी त्या न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसत. केस कापायला नाही. कोण कोण फौजेत होतं ते हुडकायला.

आमची म्हातारी माणसं ते सांगत नाहीत. व्हिएतनामहून आली तेव्हा बँड वाजला नव्हता, उलट बसमधून उतरल्या उतरल्या शेरीफनं हटकलं होतं. मग कोण सांगतो?

"मिस्टर टिब्स, तुम्ही होतात ना हो फौजेत?"

"होतो. स्वैपाकी."

"मग काय स्वैपाक्याला वगळून गोळ्या झाडायचे का ते?"

दुकान हसायचं आणि टिब्स चार गोष्टी सांगून मोकळे व्हायचे. मे महिन्यात शाळेतल्या मुलांना घेऊन बाई पाइनच्या रानामागच्या जुन्या दफनभूमीत जायच्या, फौजींच्या थडग्यांवरचं गवत उपटून छोटे झेंडे खोचायच्या. नोव्हेंबरात सगळ्या म्हाताऱ्यांना फ्युनरल होमच्याच प्रार्थनाघरात तळलेल्या माशांचं जेवण. पहिल्या वर्षी ताटं हातात धरून सगळे भिंतीकडं बघत उभे.

"आर्झेला, पलीकडच्या खोलीत कोण झोपलंय गं?"

"तुमच्यापेक्षा कमी कटकट करणारं कुणीतरी. जेवा."

आणि जेवण झालं की बाई एक शब्द द्यायच्या. फौजीच्या दफनाला सरकार दोन तरुण सैनिक पाठवतं. ते शवपेटीवरचा झेंडा त्रिकोणी घडीत दुमडून घरच्यांच्या हातात देतात. पण बिगूल वाजवणारी माणसं सरकारकडं उरलेली नाहीत. म्हणून बिगुलाच्या पुढच्या रुंद तोंडात धून भरलेला एक छोटा डबा बसवतात, कळ दाबतात, निरोपाची धून आपोआप वाजते आणि धरणारा नुसते गाल फुगवतो. बाईंना हे सहन व्हायचं नाही. "माझ्या दारातून गेलेल्या फौजीसाठी जिता माणूस बिगूल फुंकेल. डबा नाही!" हे त्यांनी काउंटीतल्या प्रत्येक चर्चमध्ये उभं राहून सांगितलं होतं.

तो जिता माणूस म्हणजे थॅडियस ग्रीर. फौजेच्या बँडमधून आले आणि शाळेत बँडमास्तर झाले. अर्धा गाव त्यांच्या पट्टीखाली ट्रंपेट शिकला. सगळे त्यांना मास्तरच म्हणत. दफनाच्या दिवशी ते पांढरे हातमोजे घालून झाडाखाली दूर उभे राहायचे, आणि ती धून अशी यायची की माझ्यासारख्या भांडखोर बाईनंही मान खाली घालावी.

गेल्या हिवाळ्यात मास्तरांचे पुढचे दात गेले. कवळी बसवली, पण ओठात जोर राहिला नाही. एका सकाळी ते बिगूल बाईंच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "पोरी, संपलं."

बाईंनी तेव्हाच गावाला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. एक तर सगळ्यांना दिलेला शब्द. दुसरं, मास्तर घरी बसले तर तिसऱ्या महिन्यात आपल्याच मागच्या खोलीत येतील अशी त्यांना भीती. बाईंनी गुपचूप तोच डबा मागवला. "ओठ बरे होईपर्यंत," म्हणाल्या. मास्तर चिडले, रुसले आणि मग झाडाखाली जाऊन गाल फुगवू लागले. सगळा हिवाळा गेला, कुणाला पत्ता नाही.

मे महिन्यात फौजेत राहिलेले कॉर्नेलियस हॉलिस गेले. मोठं दफन. डेट्रॉइटहून पुतण्यांच्या दोन गाड्या आल्या होत्या. पत्नी लुवेनिया पुढच्या खुर्चीत ताठ बसली होती. मास्तरांनी बिगूल ओठाला लावला, धून सुरू झाली, बायकांनी रुमाल काढले.

आणि गांधीलमाशी आली.

आधी टोपीवर बसली. मग नाकावर. मास्तरांनी सोसलं. मग ती कॉलरच्या आत शिरली आणि मास्तर "अरे देवा!" म्हणून नाचायलाच लागले. एका हातानं कॉलर उपसतायत, दुसऱ्या हातातला बिगूल माशीवर फिरवतायत, आणि तो फिरता बिगूल आपला गंभीरपणे निरोपाची धून वाजवतोय. मास्तरांचं तोंड त्याच्यापासून हातभर लांब. डेट्रॉइटच्या एका पुतण्याला हसू फुटलं. त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं, पण हसू काही परत आत जात नाही.

लुवेनिया हसली नाही. घडी केलेला झेंडा मांडीवर घेऊन तिनं बाईंकडं बघितलं, एवढंच. दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं. बाईंनी स्वतः केलेल्या केककडं ती फिरकली नाही.

आठवड्याभरात न्हाव्याच्या दुकानात दुसरं काही बोललं जात नव्हतं. "म्हणजे मलाही डबाच ना?" टिब्स सगळ्यांना विचारत होते. एकानं तर गोऱ्यांच्या फ्युनरल होमला फोन केला. तिथं डबाच आहे, पण निदान ते तसं सांगतात. मास्तरांनी दाराला आतून कडी घातली. आणि बाई, ज्यांना मी कधी गप्प बघितलं नव्हतं, त्या टेबलाशी बसून नुसत्या खिडकीबाहेर बघत होत्या. माझं डोकं फिरलं. "बसून काय राहिलाय? चला लुवेनियाकडं. मी गाडी काढते."

"तू गाडीच चालव. तोंड चालवू नकोस. हा तुझा मोर्चा नाही."

लुवेनिया ओट्यावर वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. बसा म्हणाली नाही. बाई पायरीवर उभ्याच राहिल्या आणि चर्चमधल्या बायका एकमेकींना हाक मारतात तशी हाक मारून म्हणाल्या,

"सिस्टर हॉलिस, मी खोटं बोलले. मास्तरांचे दात गेले तेव्हापासून डबाच वाजतोय. कॉर्नेलियसच्या आधीही दोघांना."

"हं."

"चूक माझी. मास्तरांना बोल लावू नका."

"अठ्ठेचाळीस वर्षं संसार केला मी त्या माणसाशी," लुवेनिया म्हणाली. "त्याला कुकरसुद्धा चालायचा नाही, म्हणायचा यंत्रात शिजवलेलं कळतं मला. आणि तू त्याला यंत्रानं पाठवलंस."

मी तोंड उघडलं. बाईंनी मागं न बघताच हात वर करून मला थांबवलं.

"काय करू सांगा."

लुवेनियानं आणखी मूठभर शेंगा सोलल्या. मग म्हणाली, "शनिवारी थॅडियसला घेऊन ये. थडग्यावर. डबा घरी ठेव. जे येईल ते वाजवू दे. आणि न्हाव्याच्या दुकानातल्या सगळ्यांना बोलव, ज्यांनी चघळलं त्यांच्या कानावर पडू दे."

मास्तरांना आणणं त्याहून अवघड. बाई दाराबाहेरून बोलत होत्या, ते आतून.

"मला वरचा सूर लागत नाही, आर्झेला! गाव हसेल."

"गाव हसून झालंय, मास्तर. आता आणखी काय करणार ते?"

कडी निघाली.

शनिवारी तांबड्या मातीच्या त्या ताज्या ढिगाभोवती घडीच्या खुर्च्या मांडून म्हातारे बसले. टिब्स पुढंच. बाईंनी उभं राहून चर्चमध्ये सांगायच्या त्याच आवाजात सांगितलं की आपण शब्द मोडला, तो आज जमेल तसा पुरा करतोय, आणि यापुढं माणूस मिळाला नाही तर तसं तोंडावर सांगू. कुणी आमेन म्हटलं नाही.

मास्तर झाडाखाली गेले नाहीत. थडग्याशीच उभे राहिले, हातमोजे न घालता. पहिले सूर आले ते भिजलेले, वारा गळणारे, पण आले. हळूहळू चढत गेले. सगळ्यात वरच्या सुरापाशी आले आणि नुसती फूस झाली. पुन्हा फुंकलं. पुन्हा फूस. मास्तरांनी बिगूल खाली घेतला. मान वर होईना. बाईंचा चेहरा मला बघवेना.

"थॅडियस," लुवेनिया खुर्चीतूनच म्हणाली, "थांबलास कशाला? कॉर्नेलियस चाळीस वर्षं चर्चच्या गायनात होता. त्याला एकदासुद्धा वरचा सूर लागला नाही. प्रत्येक रविवारी मी मान खाली घालून बसायचे. तो सोड आणि पुढं जा."

आधी टिब्स हसले, मग सगळेच. मास्तरांचे खांदेही हलत होते. त्यांनी ओठ पुसले, वरचा सूर सोडून दिला आणि तिथून खाली उतरत धून शेवटपर्यंत नेली. शेवटचा सूर लांब धरला, जरा थरथरला, पण धरला. टिब्सनी उभं राहून फौजी सलाम ठोकला. बाकीचेही गुडघे धरत उठले.

खुर्चीची घडी करता करता लुवेनिया बाईंपाशी आली. "माझ्याही वेळेला थॅडियसलाच ये म्हणावं."

"तुम्ही कुठं फौजेत होतात, सिस्टर?"

"त्या माणसाशी अठ्ठेचाळीस वर्षं काढली, फौज कशाला पाहिजे? आणि ऐक, आर्झेला. परत डबा आणलास तर पेटीत उठून बसेन."

"आणणार नाही," बाई म्हणाल्या. आणि तिच्या हातातली खुर्ची आपल्याकडं घेऊन त्या तिला गाडीपर्यंत सोडायला निघाल्या.