बियाण्याचा टोमॅटो

नायगावच्या चाळीत शेवंती परबच्या खिडकीत, रंगाच्या चार रिकाम्या डब्यांत टोमॅटो व्हायचे. दिसायला लिंबाएवढे, पण चव अशी की बाजारातल्यांनी तोंड लपवावं! दरवर्षी त्यातलं सगळ्यांत चांगलं फळ ती बाजूला काढायची. "हात लावू नका मेल्यांनो, बियाण्याचं आहे!" बी राखेत घोळवून कागदावर थापायची, सुकवायची आणि देव्हाऱ्यामागे ठेवायची. तीस वर्षं हाच नेम.

यंदा तिच्या नवऱ्याला, कुशाबाला, पोटाचा कॅन्सर निघाला. परळच्या इस्पितळातून घरी आणल्यापासून ताट पाहिलं की त्याला मळमळायचं. घशाखाली उतरायचं ते फक्त ह्या टोमॅटोचं सार.

नात श्रेया कॉलेजात बॉटनी शिकते. ती कौतुकाने म्हणाली होती, "आजी, ग्रेट आहेस तू! तीस वर्षं झाडाचे जीन्स बदलतेयस!"

शेवंतीला आधी पँटच आठवली. दोघी पोट धरून हसल्या.

मंगळवारी सकाळी महिला मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला. 'जीन बदललेला टोमॅटो खाल्ल्याने कॅन्सर होतो. दहा जणांना पाठवा.' धाडणाऱ्याचं तळपट होवो! शेवंतीला श्रेयाचं बोलणं आठवलं. अगं बाई, म्हणजे मीच? माझ्याच हाताने, वाट्या भरभरून? तिने चारही झाडं मुळासकट उपटली, देव्हाऱ्यामागचा कागद ओढला आणि सगळं नेऊन कचऱ्याच्या गाडीत टाकलं.

दुपारी श्रेया आली ती रिकामे डबे बघून किंचाळलीच. "आजी, तू नुसतं चांगलं फळ निवडत आलीस गं! शेतकरी हजारो वर्षं तेच करतात. लॅबमध्ये बाहेरून जनुक आणून झाडात घालतात, ते वेगळं. आणि त्यानेही कॅन्सर होतो असं कुठे सिद्ध झालेलं नाही. तुझ्या टोमॅटोने आजोबांना काही झालं नव्हतं!"

शेवंती तशीच अनवाणी जिना उतरली. गाडी केव्हाच गेली होती.

संध्याकाळी तिने बाजारातल्या टोमॅटोचं सार केलं. कुशाबाने एक चमचा घेतला आणि तोंड फिरवलं.

"ह्यां आपलां नाय."

"झाडं आटपली आता," ती म्हणाली.

"बियाणां ठेवलंस मां?"

"ठेवलंय," म्हणत शेवंतीने दुसरा चमचा त्याच्या तोंडाशी नेला. त्याने तोंड उघडलं नाही.