साहेबांच्या कोनशिला आणि आमचा ओढा

दगड घडवणाऱ्याच्या अंगणात कपच्या साठतात. रोज झाडा, तरी दुसऱ्या दिवशी एखादी पायात रुततेच. आमच्या साहेबांच्या गोष्टींचं तसंच आहे. साहेब म्हणजे आमचे आमदार, आता चौथी टर्म. त्यांच्या भूमिपूजनाच्या कोनशिला पहिल्यापासून मीच घडवतो. माझं शिक्षण चौथी नापास. ते कागदावर लिहून देतात, मी बघून कोरतो. पण तेच काम कितीदा कोरलं, हे कळायला शाळा लागत नाही.

*

पहिल्या टर्मला साहेब बेडशाच्या लेण्यांजवळ आमच्या वाडीवर आले. वाडी आणि रस्त्यामध्ये ओढा. चार ढांगांचा, पण पावसात मांडीभर पाणी. साहेबांनी पँट वर केली आणि फोटोवाला येईपर्यंत पाण्यातच उभे राहिले. मला तेव्हाच शंका आली.

आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको, प्रेशरच्या गोळ्या आणायला ओढ्यापलीकडं दवाखान्यात जाते. तिला म्हणाले, "मावशी, इथं साकव बांधतो. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही कोरड्या पायानं जाणार."

मला म्हणाले, "आबा, दगड जाड घ्या. काम टिकाऊ वाटलं पाहिजे."

दगड टिकला. साकव कुठाय, विचारू नका.

म्हातारी म्हणायची, "माणूस शब्दाचा हाय. उशीर व्हतोय एवढंच."

मी म्हणायचो, "त्यो शब्द मी कोरलाय. मला इचार."

*

दुसऱ्या टर्मला त्याच साकवाचं परत भूमिपूजन.

मी म्हटलं, "सायेब, जुनी कोनशिला हाय की."

"ती मागच्या सरकारची, आबा."

सरकार बदललं होतं. साहेब तेच होते.

*

मग प्राधान्य पर्यटनाला आलं. लेण्यांच्या वाटेवर सेल्फी पॉइंट मंजूर झाला आणि पावसाच्या आत उभाही राहिला, रेलिंग-लाइटसकट. तिथून आमचा ओढा छान दिसतो. म्हातारी लुगडं खोचून पाण्यातून येताना पुण्याच्या एका बाईनं फोटो काढला आणि मलाच दाखवला. "आजोबा, इथं सगळं किती नॅचरल आहे ना?"

मी म्हटलं, "असणारच. सायबांनी हात लावला न्हाई."

*

तिसऱ्या टर्मला तिसरी कोनशिला. तेव्हा मंत्रिपदाची हवा होती. साहेबांच्या पीएचा फोन आला, "आबा, नावाखाली वीतभर जागा सोडा. शपथविधी झाला की मंत्री म्हणून कोरू."

सोडली. शपथविधी झाला, दुसऱ्याचा.

लोक विचारतात, इथं काय कोरायचं राहिलं?

"तितं सायेब बसणार व्हते."

*

तळेगावच्या ऑफिसात जाऊन मी त्या पीएला धरलं. त्यानं कॉम्प्युटरवर यादी काढली.

"बघा आबा, तुमचा साकव पहिल्या नंबरावर आहे."

"कदीपासनं?"

"पहिल्या टर्मपासून. एकदाही खाली आलेला नाही."

*

गेल्या पावसात तीन दिवस पाणी उतरलं नाही. म्हातारीच्या गोळ्या संपल्या आणि ती चुलीपुढं चक्कर येऊन पडली. पाणी ओसरल्यावर मी पहारीनं तिन्ही कोनशिला उपटल्या. वाडीतली चार माणसं घेऊन ओढ्यात दगड रचले आणि त्यावर त्या आडव्या टाकल्या. अक्षरं वर ठेवली, पाय घसरत नाही.

म्हातारीला ते पटेना. "नावावर पाय कसा देऊ?" म्हणून तिसऱ्या दगडावर ती त्या मोकळ्या जागेतच पाय ठेवायची.

यंदा साहेब चौथ्या भूमिपूजनाला आले. कोनशिला अर्थात माझीच. जरा जास्तच जाड घडवली होती.

मांडव वाडीत, म्हणजे ओढा ओलांडणं आलं. साहेब तीन पावलं कोरडे आले. चौथं पाऊल बुटासकट पाण्यात. त्यांनी वळून खाली बघितलं. स्वतःचं नाव तीनदा वाचलं. पीएनं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं.

नवी कोनशिला उचलून दोन माणसं ओढ्याच्या काठाशी ताटकळली होती. साहेब म्हणाले, "ही कुठं बसवायची, आबा?"

मी तोंड उघडायच्या आत म्हातारी पुढं झाली. इतकी वर्षं साहेबांची बाजू घेणारी बाई. तिनं हात जोडले.

"सायेब, तुमचा शब्द खरा झाला. एक पाऊल तेवढं कमी पडतंय. ती हितं ठेवा."