कापलेली फेरी

माझ्या आईला फोन करायला शिकवता शिकवता मी हात टेकले. दोन हजार सालानंतरची गोष्ट. ती एटापल्लीच्या पलीकडे, जंगलातल्या उपकेंद्रात नर्स. मी बंगळुरात चिप डिझाइन करणारी. तिच्या छपरावर नुकताच बिनतारी फोनचा अँटेना लागला होता आणि मी नेमकी तसल्याच फोनच्या टॉवरसाठी रिसीव्हरची चिप बनवत होते. म्हणजे घरचंच काम! पण कसलं काय.

टॉवर एटापल्लीत, बाजाराला लागून. दुकानदारांचे फोन त्याच्या बुडाशी, आईचा पार टोकाला. हे सगळे फोन एकाच हवेत एकदम बोलतात. जवळच्याचा आवाज मोठा, त्यात लांबचा बुडतो. टॉवरला आईची हाक ऐकूच जायची नाही, आणि तिच्या कानात नुसती टूं-टूं. टूं-टूं आली की बाईसाहेब फोन ठेवून द्यायच्या.

रविवारी दुकानं बंद असली की तिचा फोन लागायचा, तेव्हा आमचं भांडण.

"कोणाचं तरी चालू असते ना," ती म्हणायची. "आपण मधात काऊन घुसाचं? आपली बारी आली का लागते."

"अगं आई, हापशी आहे का ती? तिथे रांग नसते! लावत राहायचं!"

"तुले लय घाई."

पालथ्या घड्यावर पाणी!

माझ्या चिपचं काम साधं होतं. सगळ्यात मोठा आवाज आधी ओळखायचा, तो वजा करायचा. मग उरलेल्यातला मोठा, तोही वजा. अशा फेऱ्या करत करत शेवटी लांबचा बारीक आवाज हाती लागतो. प्रत्येक फेरीला चिपवर जागा लागते, आणि साहेब रोज डोकं खायचे, "चिप मोठी झाली, काहीतरी काप." वैतागून एक दिवस मी शेवटची फेरी कापली. सगळ्या फोनांच्या सरासरीत फारसा फरक दिसेना. साहेब खूश, मीही सुटले एकदाची.

त्या रविवारी आईचा आवाज बसलेला होता.

"बाळंतीण अडली होती. जीप बलावाले फोन लावला, तं टूं-टूं. कोणी बोलून राह्यला असन म्हणून थांबली. पुन्हा लावला, पुन्हा थांबली. शेवटी बैलगाडीनं नेलं. बाई वाचली. लेकरू नाई वाचलं."

मी ओरडलेच, "किती वेळा सांगितलं होतं, थांबू नको म्हणून!"

ती म्हणाली, "मले काय मालूम बाई, बारी येणारच नाई म्हणून."

फोन ठेवला आणि कापलेली फेरी आठवली. माझी चिप अजून कुठल्याच टॉवरवर चढली नव्हती, पण ती फेरी म्हणजे सगळ्यात लांबचा फोन, आईसारख्यांचा. तिच्यावर ओरडणारी मी कोण? स्वतःचाच असा संताप आला की जेवण गेलं नाही.

सोमवारी मी ती फेरी परत घातली. साहेब भडकले, "शेवटच्या एका माणसासाठी एवढी जागा?" त्या खोलीत मराठी कळणारं एकही माणूस नव्हतं, पण माझं इंग्रजी पळालं आणि मी आमच्या बोलीतच किंचाळले, "काऊन? तिनं किती थांबाचं?"

"काप" असं मला परत कोणी म्हटलं नाही.