साठचं गणित

टॅक्सीवाल्याला स्टँडवर सगळे कासव म्हणत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, ह्याच्या गाडीचा काटा साठच्या पुढे सरकत नसे. "साठला वारा आपल्याशी बोलतो, नव्वदला भांडतो. आणि ते भांडण आपल्या टाकीतून जातं," असं तो ज्याला त्याला ऐकवी. त्यात गाडी जुनी, ट्रंकेसारखी चौकोनी. वारा तिला भिडणारच. "सायकलवालासुद्धा ह्यांना टाटा करून पुढे जातो," म्हणून बायको हसायची.

एका दुपारी तिच्याच छातीत कळ आली. रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली, स्टँडवरच्या बाकी गाड्या भाड्यावर. मोठं हॉस्पिटल सत्तर किलोमीटरवर, वाटेतल्या एकमेव पंपावर दोन दिवस टँकर फिरकला नव्हता आणि गाडीचा पेट्रोलचा दिवा सकाळपासून पेटलेला. मुलीनं आईला कसंबसं मागच्या सीटवर घेतलं. हा मात्र पाना घेऊन टपावरचं कॅरियर सोडवत बसला.

"बाबा, वेड लागलंय का तुम्हाला?"

"ते वारा अडवतं गं. राहू दिलं तर पोचायचो नाही आपण."

पाच मिनिटं त्यात गेली. मग काचा वर, एसी बंद, काटा साठवर. तिघंही घामानं निथळत होती.

"दाबा ना, बाबा! दाबा!" मुलगी रडकुंडीला आली. त्याचा पाय शिवशिवत होता. पण गाडी मधेच बंद पडली तर त्या माळावर हाक मारायला कुणी नव्हतं. त्यानं काटा हलू दिला नाही.

"अहो... अजून किती?" बायकोनं एकदाच विचारलं.

"आलंच." निम्मा रस्ता बाकी होता.

हॉस्पिटलच्या दारात पोचेतो तिचा हात गार पडला होता. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले. "वीस-पंचवीस मिनिटं आधी आणायला हवं होतं," एवढंच म्हणाले. मुलीनं बापाकडे पाहिलंसुद्धा नाही.

तो गाडीत येऊन बसला. किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं. गियर न टाकता त्यानं पाय पूर्ण दाबून धरला. टाकी आत्ताच्या आत्ता कोरडी व्हावी, एवढंच त्याला हवं होतं. म्हणजे मुलीला जाऊन सांगता आलं असतं, की दुसरा इलाजच नव्हता.

"बंद पड," तो स्टिअरिंगवर कपाळ आपटत म्हणाला. "बंद पड ना गं!"

रखवालदार दोनदा हटकून गेला. तास उलटला, तरी इंजिन चालूच होतं.