फळ्यावरचा आमच्या घराचा भाव

‘बाजार चढलाय’ असं कुणी म्हटलं की फळामास्तर नासलेल्या दुधाचं पातेलं नाकाशी आल्यासारखा चेहरा करत. "शी. कुणी विकलं? कुणी घेतलं? कितीला गेलं?" या तिन्हींची उत्तरं नसतील, तर समोर दलाल असो की कुणाचा जावई, त्याला ओट्यावरून उठवत.

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, एकटे. आमच्या वाडीतल्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. महिनाभर पायी हिंडून कुठलं घर विकलं गेलं ते विचारत आणि एक तारखेला सकाळी गल्लीच्या तोंडाशी टांगलेल्या फळ्यावर खडूने भाव लिहीत. मागितलेला नाही, मिळालेला. "मागायला काय, माणूस राजवाडासुद्धा मागेल," म्हणायचे.

त्यांचा एक नियम होता. विकणारा आणि घेणारा, दोघांच्या तोंडून आकडा ऐकल्याशिवाय खडू उचलायचा नाही. म्हणून घर विकायचं झालं की मराठी असो, गुजराती असो, माणूस आधी फळ्यापाशी जायचा. समोरच्या विमळाबेन तर म्हणायच्या, "मास्तर लखे ए साचुं." मास्तर लिहितील ते खरं.

अलकापुरीसारख्या महागड्या भागात ऑफिस थाटलेला एक दलाल दिवाळीला मिठाई घेऊन आला होता. दर महिन्याला आकडा जरा वर लिहा, एवढंच त्याचं म्हणणं. मास्तरांनी डबा उघडलाही नाही. "याच्या पेढ्याला याच्याच हाताचा वास येतो," म्हणाले.

त्याच दलालाला आम्ही घर दिलं. दादाला नव्या वस्तीत फ्लॅट हवा होता, मलाही हवा होता. दादाच्या नावावर कशाला ढकलू? कागदावर निम्मी रक्कम, बाकीची पिशवीतून. मास्तरांना खोली सोडा म्हणायला मीच वर गेलो. ते म्हणाले, "बरं. सावली गावात पुतणी आहे माझी." एवढंच. वर मला चहा पाजला.

निघाले तो दिवस एक तारखेचा. ट्रंक रिक्षात ठेवून ते खडू घेऊन माझ्याकडे वळले. "नंदू, कितीला गेलं?"

मी कागदावरचा आकडा सांगितला.

"घेणाऱ्याला विचारत नाही हं," ते म्हणाले. "तुझ्या घरचं दुसऱ्याला काय विचारायचं?" त्यांनी आमचा भाव लिहिला, हात झटकले आणि गेले.

विमळाबेनना घर विकून मुलीच्या शेजारी खोली घ्यायची होती. दलालाने त्यांना फळ्यापाशी उभं केलं आणि आमच्या भावावर बोट ठेवलं. त्या मला विचारायला आल्या, "नंदुभाई, बराबर छे ने?" मी मान हलवली. पिशवीचं बोललो असतो तर व्यवहार अंगाशी आला असता. निम्म्या भावात त्यांचं घर गेलं. त्यात मुलीच्या शेजारी खोली कुठली मिळायला? आता त्या जावयाच्या घरात, स्वयंपाकघरात झोपतात.

पुढच्या एक तारखेला मास्तर सावलीहून बसने आले. दलालाने हसत हसत त्यांना फोन केला होता म्हणे: तुमच्या फळ्याने आमचं काम सोपं केलं. आम्ही घराचा ताबा अजून दिला नव्हता. मी खिडकीत होतो. त्यांनी ओल्या फडक्याने आमचा आकडा पुसला आणि लिहिलं: ‘मागचा भाव खोटा होता. एकाच तोंडाचं ऐकून लिहिला. चूक माझी.’ खाली सही केली.

मला वाटलं, वर बघून तो नासलेल्या दुधाचा चेहरा तरी करतील. केला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी वर बघितलंच नाही. खडू फळ्याच्या पट्टीवर ठेवला, विमळाबेनच्या बंद दाराला हात जोडले आणि बसस्टँडकडे चालू लागले. पुन्हा आले नाहीत. दोन वर्षांनी सावलीला वारल्याचं कळलं.

फ्लॅट मोठा आहे, हवा चांगली येते. दर एक तारखेला त्या दलालाचा मेसेज येतो: ‘या महिन्यात बाजार तेजीत.’ आणि वाडीत गेलो की जुनी माणसं अजून हळहळतात, "मास्तर एवढे पक्के, पण म्हातारपणी एकदा आकड्यात चुकले हो." मी ऐकून घेतो, होय म्हणतो, पुढ्यातला चहा पितो.

शी.